बचावाच्याच पुराव्यातून उभा राहिलेला गुन्हा : ‘हायपेरियन थ्री’ प्रकरण

२२ नोव्हेंबर १९८६, शनिवार. बीबीसी वनवर ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा-मालिकेचा त्या आठवड्याचा भाग संपत आला आहे. आरोपीच्या जागी खुद्द डॉक्टर उभा आहे आणि न्यायाधीशबाई त्याला एक साधा प्रश्न विचारतात : वर्वॉइड नावाच्या त्या वनस्पतींपैकी एकही वाचली नाही का? डॉक्टर सरळ सांगतो, नाही. एक पान जरी वाचून सुपीक मातीत पडलं असतं, तरी त्यातून नवा वर्वॉइड उगवला असता. स्वतःची बाजू मांडताना दिलेलं हे उत्तर. ते ऐकताच फिर्यादी उठतो आणि म्हणतो, मग आरोप बदलावा लागेल. आता खटला ढवळाढवळीचा राहिला नाही, वंशसंहाराचा झाला.

मी वकिली करते. आपणच दाखल केलेला कागद आपल्यावर उलटताना मी कोर्टात पाहिला आहे आणि त्या वेळी पोटात पडणारा खड्डा मला ठाऊक आहे. म्हणून ही चार भागांची कथा माझ्यासाठी माणसं मारणाऱ्या झाडांच्या पलीकडची आहे. ‘हायपेरियन थ्री’ या अंतराळयानावर जे घडलं त्याचा दोष कोणाचा, आणि कोर्टाने तो कुठे शोधला, हे मला इथे तपासायचं आहे.

खटला कसा उभा राहिला

‘डॉक्टर हू’ २३ नोव्हेंबर १९६३ला सुरू झाली. काळातून आणि अवकाशातून फिरणारा, मरणाच्या दारात नवं शरीर धारण करणारा डॉक्टर हा तिचा नायक. १९८५च्या सुरुवातीला बीबीसी वनचे प्रमुख मायकेल ग्रेड यांनी मालिका थांबवली आणि दीड वर्षाच्या खंडानंतर ती परतली. परतली तेव्हा तिला पंचवीस-पंचवीस मिनिटांचे चौदाच भाग मिळाले होते. मालिकेच्या डोक्यावर टांगती तलवार होती, आणि निर्माते जॉन नेथन-टर्नर व संहिता-संपादक एरिक सॉवर्ड यांनी तीच कथेत आणली. पूर्ण हंगाम म्हणजे एक खटला. डॉक्टरच्याच जातीचे लोक, टाइम लॉर्ड, त्याच्यावर आरोप ठेवतात की तू इतरांच्या कारभारात नाक खुपसतोस. फिर्यादी आहे व्हॅलयार्ड (मायकेल जेस्टन), न्यायासनावर इन्क्विझिटर (लिंडा बेलिंगहॅम) आणि आरोपी सहावा डॉक्टर, कॉलिन बेकर.

पुरावा म्हणून घडलेल्या घटना मोठ्या पडद्यावर जशाच्या तशा दाखवल्या जातात. टाइम लॉर्डांचं सगळं ज्ञान ज्यात साठवलेलं असतं त्या ‘मेट्रिक्स’मधून ही दृश्यं येतात, आणि मेट्रिक्समध्ये कोणाला फेरफार करता येत नाही असं कोर्ट धरून चालतं. पहिले आठ भाग फिर्यादीचे. आठव्याच्या शेवटी डॉक्टरची सोबतीण पेरी मेलेली दिसते. नवव्या भागापासून डॉक्टरचा बचाव सुरू होतो, १ नोव्हेंबरला.

बचावासाठी तो स्वतःच्या भविष्यातली एक घटना निवडतो. जे अजून घडायचं आहे ते पुरावा म्हणून मांडायची सोय पृथ्वीवरच्या कुठल्याही कोर्टात नाही, पण काळाचे मालकच न्यायाला बसले असतील तर ती असायला हरकत नाही. या निवडीमागे नीट वकिली हिशेब आहे. आरोप न बोलावता घुसण्याचा आहे, तर जिथे मला मदतीसाठी बोलावलं होतं ती घटना दाखवतो. यानाचा कप्तान, कमोडोर ट्रॅव्हर्स, डॉक्टरला खरोखरच मदत मागतो, आणि तो क्षण डॉक्टर कोर्टाच्या ध्यानात आणून देतो. ढवळाढवळीच्या आरोपाला हे चोख उत्तर होतं. घोटाळा असा की त्या पुराव्यात आणखी काय काय भरलेलं आहे, ते त्याने फिर्यादीच्या डोळ्यांनी पाहिलं नाही.

यानात काय होतं

साल २९८६. मोगार ग्रहावरून पृथ्वीकडे निघालेलं प्रवासी यान ‘हायपेरियन थ्री’. आरामखुर्च्या, खेळाची खोली, कॉफी देणारी परिचारिका, सगळा थाट जुन्या आगबोटीसारखा. तळाच्या कोठारात मोगारवरून खणून काढलेले दुर्मीळ धातू. मोगारचेही काही प्रवासी आहेत. त्यांना आपला प्राणवायू सोसत नाही, म्हणून ते मुखवट्यात असतात आणि गळ्याजवळचं भाषांतरयंत्र सुरू करून बोलतात. आपला ग्रह पृथ्वीवाले ओरबाडून नेत आहेत हा राग त्यांच्या मनात आहे. पुढे ते यान ताब्यात घेतात तेव्हा कथा त्यांना खलनायकांच्या रांगेत घाईघाईने उभं करून मोकळी होते. ज्या देशात ही मालिका बनली त्याचा इतिहास पाहता या मोगारी लोकांना थोडा अधिक वेळ मिळायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

प्रवाशांत तीन शास्त्रज्ञ आहेत : प्राध्यापक सारा लास्की, डोलंड आणि ब्रुकनर. लास्कीचं काम ऑनर ब्लॅकमन यांनी केलं आहे. लास्कीबाई वनस्पतींची निपज सुधारणाऱ्या तज्ज्ञ. यानाच्या हायड्रोपोनिक्स कक्षात, म्हणजे मातीविना झाडं वाढवण्याच्या खोलीत, त्यांनी माणसाहून उंच अशी बोंडं ठेवली आहेत, आणि तिथे मंद प्रकाशाशिवाय दुसरा दिवा लागू द्यायचा नाही असा कडक नियम आहे.

त्या बोंडांत वर्वॉइड आहेत. चालणाऱ्या, बोलणाऱ्या, विचार करणाऱ्या वनस्पती. त्या का घडवल्या याचं उत्तर डोलंडच्या तोंडून मिळतं : शेतात आणि कारखान्यात राबायला. त्यांना पगार नको, जेवण नको, पाणी आणि ऊन दिलं की झालं. यंत्रमानवापेक्षा स्वस्त. या मजुरांचा सौदा करायला पृथ्वीवर व्यापारी तयार आहेत.

माझ्या मते प्रकरणाचं मूळ इथे आहे. बोलणारा, विचार करणारा जीव घडवायचा तोच मुळी वेठीला धरण्यासाठी. आणि घडवताना त्याला काय वाटेल, हा प्रश्न तिघांपैकी एकालाही पडत नाही.

बंद खोलीतली रुथ बॅक्स्टर

चारही भागांत मला सर्वांत अस्वस्थ करणारं दृश्य एका अलग ठेवलेल्या खोलीतलं आहे. डॉक्टरची नवी सोबतीण मेल (बॉनी लँगफर्ड) तिथे पोहोचते तेव्हा खाटेवर एक मुलगी असते, अर्धी माणूस आणि अर्धी वनस्पती. चेहऱ्यावर शिरा आणि पानं उमटलेली. ही रुथ बॅक्स्टर, लास्कीबाईंची प्रयोगशाळेतली साहाय्यक. हाताला झालेल्या बारीकशा ओरखड्यातून वर्वॉइडचा पराग शरीरात गेला आणि तिचं रूपांतर सुरू झालं.

म्हणजे हे बियाणं माणसाला घातक आहे, ही गोष्ट यान सुटण्याआधी तिघांनाही ठाऊक होती. पुरावा खाटेवर पडलेला होता. तरी त्यांनी ना कप्तानाला सांगितलं ना बोंडं मोगारवर ठेवली. रुग्ण आणि रोगाचं कारण दोन्ही एकाच यानात चढवली, दोन्हीवर कुलूप घातलं आणि बाकीच्या प्रवाशांना अंधारात ठेवून निघाले. बॅक्स्टरला पृथ्वीवर उपचार मिळावेत अशी लास्कीबाईंची इच्छा खरी आहे, त्या दुष्ट नाहीत. पण आपल्या कामावर त्यांचं इतकं प्रेम आहे की कामानेच माणूस गिळला हे समोर दिसूनही त्या काम थांबवत नाहीत.

ब्रुकनरचं मन मात्र त्याला खातं. आम्ही राक्षस घडवले, ते पृथ्वीवर पोहोचता कामा नयेत, हे त्याला कळून चुकतं. त्यावर त्याचा उपाय काय, तर यान थेट कृष्णविवरात घालायचं, सगळ्या प्रवाशांसकट. पश्चात्ताप खरा आणि किंमत दुसऱ्यांनी मोजायची. आधी बोलण्याची हिंमत केली असती तर एका वाक्यात काम झालं असतं.

मृत्यूंचा हिशेब

कथेची बांधणी रहस्यकथेची आहे आणि ते लपवलेलंही नाही. लास्कीबाईंच्या हातात अगाथा ख्रिस्तींचं ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’ दिसतं. बंद यान, मोजके प्रवासी, एकामागून एक खून. वाचकाने, म्हणजे प्रेक्षकाने, एक चूक करावी अशी लेखक पिप आणि जेन बेकर या दांपत्याची इच्छा आहे : सगळे खून एकाच हाताचे समजावेत. प्रत्यक्षात हात दोन आहेत.

पहिला हात माणसाचा. हॅलेट नावाचा तपासनीस वेश बदलून यानात आला आहे. डॉक्टरला निनावी संदेश धाडणारा तोच. तो स्वतःचा मृत्यू बनावटपणे घडवतो आणि मोगारी पोशाखात वावरू लागतो. भाषांतरयंत्र सुरू न करताच तो बोलून जातो, आणि डॉक्टरच्या ते लक्षात येतं. खुन्याच्याही लक्षात आलं असावं, कारण हॅलेटला विष दिलं जातं. हा सुगावा मला फार आवडतो. प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर उघडा ठेवलेला, पोशाखाच्या तपशिलातूनच आलेला. मेलसोबत हायड्रोपोनिक्स कक्षाकडे गेलेला अधिकारी एडवर्ड्स विजेचा झटका बसून मरतो. तिथे घातपात केलेला असतो. खुनी डोलंड निघतो, आणि त्याला राखायचा असतो तो मजुरांचा सौदा.

एडवर्ड्सला मारणाऱ्या त्या ठिणग्यांच्या लख्ख उजेडाने बोंडं फुटतात. पुष्कळ बिया उजेड मिळाल्याशिवाय रुजत नाहीत, हे वनस्पतिशास्त्रातलं साधं सत्य आहे आणि लेखकांनी ते नेमक्या जागी वापरलं. दुसरा हात, वनस्पतींचा, पहिल्या हाताने जागा केला. सौदा वाचवायला केलेल्या घातपातानेच माल उठून बसला.

वर्वॉइड हवेच्या नळ्यांतून फिरतात, विषारी काट्याने मारतात, तोंडातून दलदलीचा वायू सोडतात. मारलेली माणसं कोपऱ्यात रचून त्यांचं खत करतात. तो ढीग पाहून किळस येते, पण क्षणभर थांबून विचार केला की त्यांचा तर्क पटतो. वनस्पतीच्या दृष्टीने प्रेत म्हणजे खतच. साताऱ्याजवळच्या कास पठारावर पावसाळ्यात ज्याला आपण दवबिंदू म्हणतो ते इवलं झुडूप चिकट थेंबांवर किडे पकडून पचवतं. निळीजांभळी सीतेची आसवं पाण्यातले सूक्ष्म जीव खाते. कातळावरच्या पातळ मातीत नत्र मिळत नाही, म्हणून. आपण त्यांना खुनी म्हणत नाही, हौसेने फोटो काढतो.

वर्वॉइडांच्या बोलण्यातून त्यांचा हेतू समजतो. प्राणिमात्र वनस्पतींवर जगतात. म्हणजे प्रत्येक प्राणी आज ना उद्या आपला घास घेणार. म्हणून सगळे संपवायचे. लास्कीबाई शेवटी त्यांच्यासमोर जाऊन समजूत घालू पाहतात. मी तुमची मित्र आहे, असं सांगतात. ज्यांना राबवायला घडवलं त्यांच्याशी हे त्यांचं बरोबरीच्या नात्याने पहिलंच बोलणं, आणि तेच शेवटचं ठरतं. ब्लॅकमन यांनी तो प्रसंग कुठेही रडवेला न करता केला आहे.

मोगारच्या कोठारात वायोनेसियम नावाचा काल्पनिक धातू असतो, मॅग्नेशियमसारखा. हवा लागताच तो प्रखर प्रकाश आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. डॉक्टर यानातले दिवे मंद करवतो आणि वर्वॉइडांवर वायोनेसियम उघडतो. प्रकाश आणि कार्बन डायऑक्साइड हेच झाडाचं अन्न. ते इतकं एकदम मिळाल्यावर त्यांचं पूर्ण आयुष्य काही क्षणांत उरकतं. वसंतापासून पानगळीपर्यंत. ते करपत नाहीत की कापले जात नाहीत, पिकतात आणि गळून पडतात. खऱ्या झाडात प्रकाश वाढवत नेला तर एका मर्यादेनंतर अन्न तयार होण्याचा वेग वाढत नाही, हे मला माहीत आहे. तरी मालिकेतला इतका सुंदर आणि इतका दुःखद शेवट मी क्वचित पाहिला आहे. गुलाबी पाकळ्यांच्या तोंडाच्या त्या रबरी पोशाखांना लोक हसतात. पाचोळा होऊन पडलेले ते पाहताना मला हसू आलं नाही.

कायद्याच्या तराजूत

आता आरोप पाहू. वंशसंहाराला इंग्रजीत जो शब्द आहे तो राफाएल लेमकिन यांनी १९४४ साली घडवला, आणि १९४८च्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराने त्याला कायद्याची व्याख्या दिली. त्या व्याख्येचा कणा हेतू आहे : राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक गटाला, तो गट आहे म्हणून, पूर्णतः किंवा अंशतः नष्ट करण्याचा हेतू. नुसत्या मृतांच्या संख्येने हा गुन्हा होत नाही. डॉक्टरचा हेतू काय होता? यान पृथ्वीवर पोहोचेल, वर्वॉइड उतरतील आणि प्राणिजीवन संपेल, हे टाळण्याचा. पण ते टाळण्यासाठी सर्वच्या सर्व वर्वॉइड संपले पाहिजेत, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं. गटच उरू द्यायचा नाही, हीच त्याची योजना होती. त्यामुळे फिर्यादीचं म्हणणं वाऱ्यावर सोडता येत नाही.

उरतो बचाव एकच, नाइलाजाचा. आणि इथे दोन जहाजं आठवतात. पहिलं ‘मिन्योनेट’. १८८४ साली हे छोटं गलबत इंग्लंडहून सिडनीला जाताना बुडालं. चौघे होडीत अन्नपाण्याविना कित्येक दिवस तरंगत राहिले. शेवटी डडली आणि स्टीफन्स या दोघांनी रिचर्ड पार्कर या सतरा वर्षांच्या पोऱ्याला मारून खाल्लं. इंग्लंडच्या कोर्टाने सांगितलं की खुनाला नाइलाज हा बचाव नाही. फाशी सुनावली, नंतर ती सहा महिन्यांच्या कैदेवर आली. दुसरं जहाज आपल्या भारतीय दंड संहितेतलं, कलम ८१च्या खालच्या उदाहरणातलं. आता ते भारतीय न्याय संहितेच्या कलम १९मध्ये आहे. आगबोटीच्या कप्तानाला दिसतं की सरळ गेलं तर वीस-तीस माणसांची होडी चिरडेल आणि वळवली तर दोन माणसांच्या होडीला धोका आहे. मोठी हानी टाळण्याच्या प्रामाणिक हेतूने आणि स्वतःची काही चूक नसताना त्याने बोट वळवली, तर तो दोषी नाही.

‘स्वतःची काही चूक नसताना’ हे शब्द मी अधोरेखित करते. डॉक्टर या कसोटीला उतरतो. लास्की, डोलंड आणि ब्रुकनर उतरत नाहीत. बोटीवर तो प्रसंग ओढवला तोच त्यांच्या गप्प बसण्यामुळे. गॅलिफ्रेच्या, म्हणजे टाइम लॉर्डांच्या ग्रहाच्या, कोर्टात मात्र वंशसंहाराच्या कलम सातला अपवादच नाही, आणि तिन्ही शास्त्रज्ञ मेलेले असल्याने त्यांच्यावर कोणी आरोप ठेवत नाही. जो शेवटी आला आणि ज्याने दार बंद केलं तो एकटा पिंजऱ्यात सापडतो. बॅक्स्टरची खोली पडद्यावर सगळ्या कोर्टाने पाहिली, पण त्या कुलपाची किल्ली कोणाकडे होती, हे ना फिर्यादी विचारतो ना न्यायाधीशबाई. डॉक्टरही विचारत नाही, आणि वकील म्हणून माझा त्याच्यावर राग आहे तो इथे.

पुरावाच भेसळीचा

आणखी एक गाठ आहे. पुरावा चालू असताना पडद्यावर डॉक्टर यानाची संदेशयंत्रणा कुऱ्हाडीने फोडताना दिसतो. डॉक्टर ओरडतो, हे मी केलंच नाही, मी आधी पाहिलं तेव्हा यात हे नव्हतं. मेट्रिक्समध्ये फेरफार होत नाही, असं म्हणून कोर्ट ते झटकून टाकतं. सुनावणी तिथेच थांबवायला हवी होती. एक तुकडा बनावट असेल तर बाकीचं अस्सल कशावरून?

या प्रश्नाचं उत्तर मालिकेतही पुरतं मिळत नाही, आणि त्याचं कारण पडद्यामागे आहे. ९ ते १२ या भागांच्या जागी आधी बेकर दांपत्याची कथा नव्हती. ख्रिस्तोफर बिडमीड, पी. जे. हॅमंड अशा लेखकांकडून मागवलेलं लेखन एकामागून एक नाकारलं गेलं आणि वेळ संपत आल्यावर ही कथा आली. शेवटचे भाग लिहीत असलेले रॉबर्ट होम्स मे १९८६मध्ये वारले. निर्मात्याशी बिनसल्याने सॉवर्ड मधेच निघून गेले. त्यांनी चौदाव्या भागासाठी लिहिलेली संहिता परत घेतली आणि तो भाग बेकर दांपत्याने नव्याने लिहिला, सॉवर्डचा शेवट काय होता हे ठाऊक नसताना. कोणतं दृश्य खरं आणि कोणतं भेसळीचं याचा हिशेब अशा गोंधळात कोण ठेवणार? दिग्दर्शक ख्रिस क्लफ यांनी शेवटचे दोन भाग आधी आणि यानाचे चार भाग नंतर चित्रित केले, यानाचे तर सगळे स्टुडिओतच. त्या परिस्थितीत ही चार भागांची कथा इतकी घट्ट उभी राहिली, याचं श्रेय बेकर दांपत्याला देताना मी हात आखडता घेणार नाही.

६ डिसेंबर १९८६ला खटला संपला. व्हॅलयार्ड हा खुद्द डॉक्टरच्याच काळ्या बाजूतून, त्याच्या शेवटच्या जन्मांच्या दरम्यान उभा राहिलेला निघाला. पेरी जिवंत असल्याचं कळलं. न्यायाधीशबाईंनी सगळे आरोप काढून टाकले. त्यात वंशसंहाराचाही आरोप गेला, युक्तिवादाविना. वर्वॉइड मारणं योग्य होतं की नाही, यावर त्या कोर्टाने निकाल दिलाच नाही. काही काळाने कॉलिन बेकर यांनाच भूमिकेतून काढलं गेलं, आणि १९८७च्या पहिल्या कथेत डॉक्टरचं नवं शरीर दाखवायची वेळ आली तेव्हा त्यांच्या जागी नवे डॉक्टर सिल्व्हेस्टर मॅकॉय कुरळ्या केसांचा टोप घालून जमिनीवर पडलेले होते. त्या कथेचेही लेखक पिप आणि जेन बेकरच होते.